गुणलेखकाला मत नसतं

विषयपत्रिकेवर एकच ओळ होती:
साईल भुवड, सोडावा की ठेवावा.
त्याखाली मी लिहिलं, वय सतरा, वजन एकसष्ट,
आणि पेन्सिल कानावर खोचली.

शिवडीतली आमच्या मंडळाची खोली दहा बाय बारा,
माणसं आठ, खुर्च्या सहा,
कपाटात अठ्ठ्याहत्तर सालची ढाल,
तिच्या मागे आता बोरिक पावडरचा डबा असतो.

प्रस्ताव ऐरोलीच्या चेतनशेठचा.
पोरगा आमच्या संघाला द्या, मी तुम्हाला मॅट देतो.
"अख्खी मॅट! नवीकोरी!"
डिमेलो खजिनदार, त्याचा आवाज पैशाच्या गोष्टीला आपोआप चढतो.
"मातीवर खेळून आता कोण निवडला जातो, सांगा.
आज ना उद्या तो बँकेत जाणार, नाहीतर पोलिसात.
तेव्हा आपण काय करणार? शाल, श्रीफळ, टाळ्या.
मॅट निदान घरी तरी राहील."

"राहील की," वामन मास्तर म्हणाले,
"आणि तिच्यावर चढाई कोण करणार? तू?"

सुहासताई मोहिते अजून बोलल्या नव्हत्या.
त्या एकेकाळी डाव्या कोपऱ्यात उभ्या राहायच्या,
घोटा धरला की धरला.
"बोनसला जाताना त्याचा मागचा पाय टेकतो," त्या म्हणाल्या.
"गल्लीतला पंच सोडतो. वरचा सोडणार नाही.
हा पाय सुटला तर पोरगं सोन्याचं.
नाही सुटला, तर मॅट स्वस्तात मिळाली समजा."

मग कोणी म्हणालं, उंची कमी आहे.
कोणी म्हणालं, अजून वाढेल, बापाचे खांदे बघा.
कोणी म्हणालं, बापाचे गुडघेपण बघा.
चहा आला. चहा गार झाला.
अध्यक्ष माझ्याकडे वळले, "वही काय म्हणते?"

वहीनं सांगितलं तेवढं मी सांगितलं.
एकतीस सामने, चारशे बारा चढाया, गुण एकशे अडुसष्ट.
तिसऱ्या चढाईला, म्हणजे जेव्हा रिकामं परतता येत नाही,
अठ्ठावन्नपैकी एकोणीस.

"हे चांगलं की वाईट?"

माझ्याकडे सत्तावीस वर्षांच्या वह्या आहेत.
याच्याहून बरे आकडे तिघांचे निघाले होते.
एक भायखळ्याला अग्निशमन दलात आहे.
एकाचं लग्नात भेटलो तेव्हा पोट पुढे होतं,
त्यानं मला ओळखलं, मी त्याला नाही.
तिसऱ्याचं वहीत काही नाही.
हे मी बोललो नाही. गुणलेखकाला विचारतात, ऐकत नाहीत.

मतं पडली, चार नि चार.
अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

तेवढ्यात दारात साईल.
मैदानाला पाणी मारायला सांगितलं होतं त्याला,
पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पोटऱ्यांवर लाल चिखल.
खिडकी सगळा वेळ उघडी होती
हे आम्हा नऊ जणांच्या एकदम लक्षात आलं.

"मॅट नवी नाहीये," तो म्हणाला.
"मी रविवारी जाऊन बघून आलो.
मधल्या रेषेपाशी दोन जोड उसवलेत,
एका कोपऱ्याला पाय सरकतो.
नवी मागा. देतील.
त्यांचा उजवा चढाईपटू जायबंदी आहे, घाईत आहेत ते."

डिमेलोनं कॅल्क्युलेटर उपडा ठेवला.
सुहासताई पहिल्यांदाच हसल्या, पण पोराकडे बघून नाही,
स्वतःच्या पायांकडे बघून.

"म्हणजे तू जाणार?" मास्तरांनी विचारलं,
आवाज असा की उत्तर नकोच असावं.

साईलनं चौकटीला पाय घासून चिखल काढला.
मागचा पाय. नीट उचलून.
"पाणी मारून झालंय, मास्तर.
पंप बंद करू, की दुसऱ्या अर्ध्यालापण मारू?"

इतिवृत्तात मी लिहिलं, निर्णय,
पुढे टिंबं काढली,
आणि वहीत या सगळ्याला कुठला रकाना लागेल
ते शोधत पानं मागे उलटत बसलो.
बाहेर पंप चालूच होता.